जाड तार

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचं ठरलं. भाडेकरूचा पहिलाच प्रश्न, "एसी चालेल ना?" म्हणून परवा भर दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. जिन्याखाली उभा राहून तो बोर्डाकडे बघतच राहिला.

"भिया, ये किसने लगाया था?"

सागाची फळी, तिच्यावर लोखंडी मेन स्विच, खाली चिनी मातीच्या चार पांढऱ्या किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खुंट्या. भिंतीभर लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या वायरी. आणि ते काळे गोल खटके! दाबले की शेजारच्यांना कळायचं. हल्लीचा स्विच लागला की नाही, हे मला अजून पंख्याकडे बघूनच समजतं.

मे महिन्यात कूलर लावला की रात्री हमखास अंधार व्हायचा. मग सगळं घर खिडकीत. "सगळ्यांची गेली, की आपलीच?" सगळ्यांची असली तर समाधान. आपलीच असली तर बाबा पायजमा सावरत उठायचे आणि टॉर्च माझ्याकडे यायची.

"हातावर धर. तोंडावर नको."

मेन पाडायचा, किटकॅट ओढायची, फुंकर मारायची, काजळी पेचकसाने खरवडायची. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेनेच गुंडाळायची, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते, निसटत नाही. हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. घरात फ्यूजची तार नसली की बाबा जुन्या वायरीतले तांब्याचे केस उपटायचे. एका उन्हाळ्यात फ्यूज आठवड्यात तीनदा गेला, तेव्हा त्यांनी तीन केसांना पीळ देऊन घट्ट आवळलं. "आता बघू कसा जातो!"

तो पुन्हा कधी गेला नाही. गल्लीत बाबांचं वजन वाढलं. लोक बोलवायला येऊ लागले.

अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा भरलेला. आजी तुळशीला घालून उरलेलं पाणी त्यात ओतायची. आम्हाला वाटायचं, तोही कुणी देवच असणार. आजी गेली, फरशी बसवली, खड्डा कुठे गेला कोण जाणे.

इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला. न्यूट्रलवरही, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवरही फ्यूज आहे म्हणाला. म्हणजे तो उडाला तर दिवा विझणार, पण वायरीत करंट तसाच. मग त्याने बाबांची किटकॅट ओढली आणि पिळलेल्या तारेवर नख फिरवलं.

"फ्यूज तो कमजोर ही चाहिए, भिया. सबसे पहले वही मरे."

ही तार वितळणार नव्हतीच, तापणार होत्या त्या भिंतीवरच्या वायरी. त्याने एक वाकवून दाखवली, तर वरचं रबर बिस्किटासारखं तुटून माझ्या तळहातावर पडलं. फळी भिंतीपासून सोडवली. मागून ती तळहाताएवढी काळी पडली होती, कोळशासारखी. या भिंतीच्या पलीकडेच आम्ही भावंडं झोपायचो.

फ्यूजऐवजी आपोआप पडणारे खटके, म्हणजे एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी, एसीची वेगळी लाइन, नवं अर्थिंग. त्याने आकडा सांगितला, मी घासाघीस केली नाही.

"काय म्हणतोय रे तो?" आतून बाबांनी विचारलं. हल्ली ते खोलीबाहेर फारसे येत नाहीत. "फ्यूज बघितला का त्याने? माझ्या हातचा आहे."

"बघितला," मी म्हटलं. "अजून शाबूत आहे म्हणाला."

किटकॅट मी खिशात टाकली.