तुमची पात्रं कोणावर बेतलेली असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर एव्हाना हा प्रश्न टाळायची कला मला चांगली अवगत झालीय. कथा छापून आली की ती कशी रचली हे कोणी विचारत नाही. 'तो कंडक्टर नक्की कोण हो?' एवढंच विचारतात. आपल्याकडे व्यक्तिचित्रांची सवय इतकी मुरलीय, की मूळ माणूस असणारच, लेखकाने फक्त नाव-गाव बदललं, हे वाचक धरूनच चालतात.

नसतो. निदान अख्खा माणूस नसतो.

एसटीचा कंडक्टरच घ्या. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, तापट पण मनाने निर्मळ असं लिहिलं तर झाला तो गणवेश. 'तापट' आणि 'निर्मळ' वाचून वाचक मान डोलावतो आणि पुढच्या पानावर विसरतो. म्हणून मी स्वभावाच्या आधी कामाचे नियम बघतो. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, ती उतरताना मागून घ्यायची. स्वतःजवळचे पैसे ड्युटीच्या सुरुवातीला नोंदवायचे. तपासणीत रोकड हिशेबापेक्षा कमी निघाली तर तो अडकतो, आणि जास्त निघाली तरी अडकतो, कारण पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असा संशय येतो. या शेवटच्या नियमापाशी मी थांबतो. इथे भलेपणा महाग पडू शकतो.

आता प्रसंग. एक बाई पाचशेची नोट देते. अर्धं तिकीट तीस रुपयांचं, बाकी 470, तिकिटामागे लिहिलेली. फाटा येतो, दोन पिशव्या सावरत ती उतरते, बाकी मागायची राहते. डबल बेल देऊन गाडी हलल्यावर कंडक्टरच्या ध्यानात येतं. गाडी थांबवावी तर आधीच अर्धा तास उशीर, ड्रायव्हर वैतागलेला. पैसे खिशात टाकावेत तर कोणालाही कळणार नाही. डेपोत जमा करावेत तर नियमाने सुटला, पण बाईला ते परत मिळवायला कोण फेऱ्या मारणार? चौथी वाट अशी, की परतीच्या फेरीत फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायचे. तो ही वाट धरतो, आणि पुढच्याच थांब्यावर तपासणीवाले चढतात.

'हे जास्तीचे कुणाचे?'

'एका मावशीचे. बाकी न्यायची राहिली.'

'कोण मावशी?'

नाव त्याला ठाऊक नाही. तिकीट तिच्याबरोबर गेलं, म्हणजे पुरावाही गेला. तिच्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने सगळं पाहिलंय, पण तो खिडकीबाहेर बघतोय. कंडक्टर एकदाच त्याच्याकडे बघतो. त्याला बोलायला सांगत नाही. का? पोरालाही उद्या याच गाडीने जायचंय म्हणून? की मागायची लाज? मी हे कथेत लिहीत नाही. तो फक्त पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा ओढत राहतो. वाचकाला माणूस दिसतो तो या जागी. मग कोणी म्हणतं, 'अगदी आमच्या काकांसारखा.' अहो, तुमचे काका त्या गाडीत नव्हते!

पूर्वी मी नवशिक्यांना उलटंच सांगायचो, की आधी पात्राची कुंडली मांडा. जन्मगाव, शिक्षण, भावंडं, कर्ज, दुखणी, सगळं. आता म्हणतो, त्या 40 ओळींपैकी 36 कथेत येत नाहीत, आणि आल्या तर कथा बुडवतात. पण जुना मी गप्प बसत नाही. कुंडली नसली की वर्षांचे घोळ होतात, हे त्याचं म्हणणं खोडता येत नाही. 1966 साली जन्मलेला माणूस 1972च्या दुष्काळात सहा वर्षांचा. त्याला दुष्काळी कामावर खडी फोडायला पाठवता येत नाही; तेव्हा खायला वाटलेल्या सुकडीची चव आठवते, एवढंच लिहिता येतं. तेव्हा कुंडली मांडावी की न मांडावी, हा आमच्या दोघांतला वाद चालूच आहे.

बोलीचं मात्र पक्कं आहे. बोलणाऱ्यांची नावं झाकून संवाद वाचायचा. कोण बोलतंय ते कळलं नाही तर सगळी पात्रं लेखकाच्याच तोंडाने बोलताहेत. यावर प्रत्येक शब्द बोलीत बदलणं हा उपाय नव्हे, त्याचा वग होतो. एखाददुसरी खूण पुरते. कोल्हापूरकडची बाई 'मी आलो' म्हणते, नागपूरकडचा 'जाऊन राहिलो' म्हणतो. बाकी काम संबोधनं करतात: 'अहो कंडक्टर', 'दादा' आणि 'ए भाऊ' म्हणणारे तीन प्रवासी तीन वेगळे असतात.

आता ज्याच्यासाठी तुम्ही एवढं वाचलंत ते. होय, उचलतो. चालणं, नोटा मोजण्याची लकब, घसा खाकरणं, हे खऱ्या माणसांचंच असतं. उचलल्यावर धंदा, जिल्हा आणि वय बदलतो. निर्णय मात्र कोणाचा उचलत नाही, कारण ज्याचा उचलला, त्याच्या लेकीबाळी ते वाचणार. गंमत अशी, की ज्यांची लकब घेतली ते कधीच ओळखत नाहीत, आणि ज्यांचं काहीच घेतलं नाही ते दुखावतात. लकब घेणं ही चोरी नव्हे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या कंडक्टरचं नाव विचारू नका. मला ते माहीत नाही.