जैवरेणूंची उजळणी घेताना : माझा अनुभव

शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांची रसायनशास्त्राची उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ‘जैवरेणू’ हे प्रकरण बहुतेकांनी एकतर सोडून दिले होते किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवले होते. कारण उघड आहे. सेंद्रिय रसायनाच्या इतर प्रकरणांत अभिक्रिया कशी घडते हे कळले की निम्मे काम होते. येथे मात्र कर्बोदके, प्रथिने, विकरे (एन्झाइम), जीवनसत्त्वे आणि न्यूक्लिइक आम्ले एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकाखाली वर्गीकरणाचा एक तक्ता असतो. मुलांच्या वह्या अशा तक्त्यांनी भरलेल्या होत्या. पण वही मिटून त्यांतलाच प्रश्न थोडा फिरवून विचारला, की सगळे गप्प.

म्हणून छापील क्रम बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नापासून सुरुवात केली : दोन लहान रेणू जोडले जाताना पाण्याचा रेणू नेमका कोठून सुटतो आणि तो परत मिळाला तर काय तुटते? फळ्यावर तीनच आकडे लिहिले. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८०, फ्रुक्टोजचेही १८० आणि या दोहोंपासून बनलेल्या सुक्रोजचे ३४२. उरलेले १८ कोठे गेले हे मुलांनी कोणीही न सांगता शोधले आणि त्यानंतर ‘जलापघटन’ (पाणी घेऊन बंध तुटणे) या शब्दाची व्याख्या मला सांगावी लागली नाही. पुढे प्रत्येक नव्या रेणूपाशी मी हाच हिशेब मागू लागलो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शर्करांवर आणि तो जायलाच हवा होता. सुक्रोज क्षपणकारी (दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारे) नाही, माल्टोज आणि लॅक्टोज मात्र आहेत, हे सर्वांना पाठ होते. का, हे सांगता येत नव्हते. मी प्रत्येकाला दोन्ही कडी कागदावर काढून बंध ज्या कार्बन अणूंमधून जातो त्यांना क्रमांक द्यायला सांगितले. माल्टोजमध्ये एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनमार्फत जोडलेला दिसतो, त्यामुळे दुसऱ्या ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा राहतो. ते कडे उघडू शकते आणि अल्डिहाइड गट टॉलेन्सच्या अभिकारकाशी (क्षपणकारी शर्करा ओळखणाऱ्या चांदीच्या द्रावणाशी) अभिक्रिया करू शकतो. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा, म्हणजे कडे उघडू शकणारे दोन्ही कार्बन, बंधातच अडकलेले असतात. ही आकृती स्वतःच्या हाताने काढलेल्या मुलाला तक्त्याची गरज उरत नाही, असे माझे मत झाले आहे. आकृती न काढता केवळ पाहणाऱ्यांना मात्र पुढच्याच आठवड्यात तीच शंका पुन्हा आली.

अल्फा आणि बीटा यांतील फरक मुलांना फारच किरकोळ वाटतो. पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट खाली किंवा वर, एवढेच तर आहे. तेव्हा स्टार्च आणि सेल्युलोज शेजारीशेजारी काढून घेतले. दोन्ही केवळ ग्लुकोजपासून बनलेले, दोन्हींत बंध पहिल्या आणि चौथ्या कार्बनमधला; पण अल्फा बंधांमुळे अमायलोजची (स्टार्चमधल्या बिनफांद्यांच्या घटकाची) साखळी मळसूत्रासारखी वळते, तर बीटा बंधांमुळे सेल्युलोजची साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधली जाते आणि तंतू तयार होतो. स्टार्चला आयोडीनने येणारा निळा रंग कोठून येतो, हेही याच वळणातून उलगडते. मानवाला सेल्युलोज पचवता येत नाही, कारण त्यातला बीटा बंध तोडणारे विकर आपल्याकडे नाही, असे मी म्हणताच एका मुलीने विचारले, की लॅक्टोजमधला बंधही बीटाच आहे, मग तो कसा तुटतो? प्रश्न नेमका होता. लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज जोडलेले असतात आणि तेथे काम करणारे लॅक्टेज हे विकर वेगळे आहे. विकर केवळ बंधाचा प्रकार पाहत नाही, तर आजूबाजूच्या रेणूचा आकारही त्याला जुळावा लागतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलेली कुलूप-किल्लीची कल्पना मी विकरांच्या तासासाठी राखून ठेवली होती, ती तेथेच सांगून टाकली.

प्रथिनांकडे वळताना मुलांना ग्लायसीन आणि अलानीन ही दोनच अमिनो आम्ले दिली. प्रत्येकी एकदा वापरली, तर त्यांपासून दोन वेगळे डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांचे जोडरेणू) बनतात, कारण कोणाचा अमिनो गट मोकळा राहतो आणि कोणाचा कार्बॉक्सिल, यावर रेणूची ओळख ठरते. तीन वेगळी आम्ले प्रत्येकी एकदा वापरली, तर सहा ट्रायपेप्टाइड मिळतात. ही संख्या काहींनी सूत्राने काढली, तर काहींनी एकेक लिहून, आणि लिहून काढणाऱ्यांना टोकांची बाजू अधिक पक्की कळली. मग मी विचारले, की इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले आहेत, तर पेप्टाइड बंध (अमिनो आम्लांना साखळीत जोडणारे बंध) किती? जवळजवळ सर्वांनी ५० सांगितले. इन्सुलिनच्या रेणूत २१ आणि ३० आम्लांच्या दोन साखळ्या असतात, म्हणून पेप्टाइड बंध २० आणि २९ मिळून ४९ होतात. साखळ्यांना एकत्र धरणारे गंधकाचे डायसल्फाइड बंध तयार होताना पाणी सुटतच नाही, सुटतो तो हायड्रोजन. इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सांगितल्यावर मुलांना त्या ४९ चे थोडे अप्रूप वाटले.

न्यूक्लिइक आम्लांत न्यूक्लिओसाइड आणि न्यूक्लिओटाइड यांची सरमिसळ ठरलेलीच. येथेही पाणी मोजले : बेस (ॲडेनीनसारखा नायट्रोजनयुक्त घटक) शर्करेला जोडला की एक रेणू सुटतो आणि न्यूक्लिओसाइड मिळते, त्याला फॉस्फेट जोडला की आणखी एक सुटतो आणि न्यूक्लिओटाइड मिळते. मात्र डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना बांधणारे हायड्रोजन बंध, ॲडेनीन-थायमीनमधले दोन आणि ग्वानीन-सायटोसीनमधले तीन, तयार होताना पाण्याचा रेणू सुटून बाहेर पडत नाही; ते दुबळे असतात, म्हणून नुसत्या उष्णतेने सुटतात आणि पट्ट्या अखंड राहतात. प्रथिनाच्या डीनेचरेशनमध्ये असेच घडते. अंडे उकडल्यावर त्यातील प्रथिनांची घडी मोडते, पण अमिनो आम्लांचा क्रम तसाच राहतो. क्रम मोडायचा, तर पाणी घालून पेप्टाइड बंध तोडावे लागतात. डीनेचरेशन आणि जलापघटन यांतला गोंधळ या एका निकषाने बराच मिटला.

जीवनसत्त्वे या धाग्यात बसत नाहीत. अ, ड, ई आणि के मेदात विरघळतात, ब गट आणि क पाण्यात, आणि अभावामुळे होणारे आजार पाठच करावे लागतात. त्यावर मी वेळ घालवला नाही.

शेवटच्या बैठकीत मुलांनी एकमेकांसाठी प्रश्न काढले. त्यांतला एक असा होता : ग्लुकोजची साखळी सरळ न ठेवता तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडली, तर पाण्याचे किती रेणू सुटतील आणि टॉलेन्सची चाचणी येईल का? विचारणाऱ्याला हा केवळ कल्पनेतला रेणू वाटत होता. पण सहा, सात किंवा आठ ग्लुकोजची अशी बंद कडी असलेली सायक्लोडेक्स्ट्रिन खरोखर आहेत आणि त्यांतले बंध स्टार्चप्रमाणेच अल्फा आहेत, हे मी सांगितले. सरळ साखळीत सहा ग्लुकोजमागे पाच रेणू सुटतात, येथे सहा. सर्वांनी सहा वेळा १८० मधून सहा वेळा १८ वजा केले आणि ९७२ हे उत्तर लिहिले. मोकळा पहिला कार्बन एकही उरत नाही, म्हणून चाचणी येणार नाही, हे उत्तर पहिल्याने दिले ते सुक्रोजच्या आकृतीवर बोट ठेवूनच.