सही कुणी करायची?

व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना खरा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतच नाही. कॅज्युअल्टीत सगळी धावपळ असते. ऑक्सिजन खाली आलेला, कुणीतरी ‘नळी घालतोय’ म्हणतं, घरचे मान हलवतात. त्या वेळी तेच बरोबर असतं. निर्णय येतो सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही. ओठ, जीभ, स्वरयंत्र यांना जखमा होतात. मग गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवायची का, असं विचारलं जातं. ही ट्रकीऑस्टॉमी. एकदा ती झाली की बेशुद्ध माणूसही महिनोन्महिने जगू शकतो. इथे दोन वाटा फुटतात, नळी बसवून पुढे जायचं की उपचार थांबवून शांतपणे शेवट होऊ द्यायचा, हे नातेवाइकांना कुणी सांगत नाही. ‘छोटंसं ऑपरेशन आहे’ म्हणत छापील संमतीपत्र पुढे केलं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी ट्रस्टच्या एका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. आमच्याकडेही असंच चालत आलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

गुरुजींच्या बाबतीत ही वेळ आठव्या दिवशी आली. वय ८१, निवृत्त मुख्याध्यापक. मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन रक्त आतल्या पोकळ्यांत उतरलं होतं. सीटी स्कॅन पाहून न्यूरोसर्जननी ऑपरेशनचा उपयोग नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. आठ दिवसांत डोळे उघडले नाहीत, नखावर दाब दिला तरी हात मागे घेतला नाही. मात्र मशीनच्या श्वासांच्या मध्येमध्ये स्वतःचा एखादा श्वास ते घेत होते. म्हणजे ‘ब्रेन डेड’ नव्हते. हा फरक सुशिक्षित घरांतही कुणाला ठाऊक नसतो. मेंदूमृत्यू हा १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मृत्यूच आहे. ठरलेल्या चाचण्या दोनदा करून तो प्रमाणित होतो. गुरुजी जिवंत होते, फक्त परत येण्याची शक्यता उरलेली नव्हती. लिव्हिंग विल, म्हणजे अशा वेळी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद, लागतं ते अशाच अवस्थेसाठी.

आणि गुरुजींनी ते लिहिलेलं होतं. मुलीला घरी पासबुकांच्या पिशवीत सापडलं. ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, त्याच वर्षीचा कागद. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर वळणदार अक्षरात: ‘मला यंत्रावर जगवू नये. याबाबतचा निर्णय माझ्या पत्नीने घ्यावा.’ खाली त्यांची सही आणि शेजारच्या दोघांच्या साक्षी.

हा कागद हातात घेऊन आमचे आयसीयूचे डॉक्टर बराच वेळ बसले. त्यात तीन अडचणी होत्या. २०१८च्या नियमांनुसार त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत होती. गुरुजी कोर्टात गेले होते, पण तिथे ही पद्धत कुणाला माहीतच नव्हती, असं मुलगी म्हणाली. हे मला खरं वाटतं. अट इतकी अवघड होती की फारच थोड्या लोकांनी ती पार केली असेल. दुसरं, पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि दुसरं नाव नव्हतं. तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. ‘यंत्रावर’ म्हणजे काय? न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटर लागला आणि माणूस चालत घरी गेला, तर तेही नको होतं का? डायलिसिस यंत्रात येतं का? नाकातली नळी? निकाल सांगतो की मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळाने तो अमलात आणू नये. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णाची पद्धत लावावी. त्या पद्धतीत जवळच्या नातेवाइकांची संमती लागते.

म्हणून मी बैठक बोलावली. हे काम मी जीव लावून करते. जिन्यात किंवा आयसीयूच्या दाराशी उभं राहून असं बोलायचं नाही. खोली हवी, सगळ्यांना खुर्च्या हव्यात, डॉक्टरांचा फोन बंद हवा. आधी घरच्यांना विचारायचं की त्यांना आतापर्यंत काय समजलं आहे. दर वेळी धक्का बसतो: ‘सुधारतायत ना, बीपी नॉर्मल आहे म्हणाले’. बीपी नॉर्मल असतं ते औषधाच्या पंपावर, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. मग डॉक्टरांनी साध्या मराठीत आजार सांगायचा आणि थांबायचं. लोक रडतात, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. शेवटी, ‘तुम्हाला काय करायचंय?’ असं कधीही विचारायचं नाही. विचारायचं, ‘गुरुजी या खुर्चीत बसून पलंगावरच्या स्वतःकडे बघत असते, तर काय म्हणाले असते?’

मुलगी लगेच म्हणाली, ‘बास म्हणाले असते.’ धाकटा मुलगा कॅनडातून व्हिडिओ कॉलवर होता, तोही तेच म्हणाला. थोरला मुलगा वडिलांजवळ राहणारा, सगळं करणारा. तो गप्प. मग म्हणाला, ‘काय म्हणाले असते ते मला माहितीये, मॅडम. पण घर गेल्या वर्षी माझ्या नावावर झालंय. मशीन काढायला मी सही केली तर भावकी काय म्हणेल?’

बहीण-भावाने त्याला समजावलं, त्याने मान हलवली, पण सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रकीऑस्टॉमी झाली.

गुरुजी घरी गेले. ‘घरी नेलं’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे जे येत नाही ते सांगते. भाड्याचं सक्शन मशीन, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, वीज गेली तर इन्व्हर्टर. दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. नाकातल्या नळीतून दिवसातून सात-आठ वेळा दोनशे मिली पातळ अन्न, डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवून, नाहीतर ते फुप्फुसात जातं. गळ्यातल्या नळीत कफ घरघरला की कॅथेटर आत घालून ओढायचा, दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. हे सगळं सुनेने केलं. इतकं करूनही माकडहाडावर जखम झाली, चौथ्या महिन्यात छातीत संसर्ग झाला आणि गुरुजी गेले.

थोरल्या मुलाला मी दोष देत नाही. देणारे पुष्कळ आहेत. आमच्याच स्टाफमध्ये ‘एवढं लिहून ठेवलेलं असून’ असं कुजबुजणारे होते. जो वर्षानुवर्षं सेवा करतो त्याच्यावरच संशय घ्यायचा, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि तिच्यापुढे तो एकटा पडला. गुरुजींच्या कागदावर त्याचं नाव असतं तर ती सही वडिलांची आज्ञा ठरली असती. ‘मुलं बघतील काय ते’ म्हणणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना मला हेच सांगायचं असतं: लिव्हिंग विल आधी त्या मुलासाठी लिहा.

२४ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकारी नको. दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांचं साक्षांकन पुरतं. लिहिणारी व्यक्ती सज्ञान, शुद्धीत आणि कुणाच्या दबावाखाली नसलेली हवी. निर्णय कुणी घ्यायचा यासाठी एकाहून अधिक नावं देता येतात, म्हणून किमान दोन द्याच, आणि त्यातलं एक पुढच्या पिढीतलं असू द्या. जोडीदाराचं नाव जरूर घाला, पण एकटं नको. दोघंही बरोबरच म्हातारे होतात.

मजकुरात ‘यंत्र’ हा शब्द टाळा. आधी अवस्था लिहा: ‘बरं होण्याची आशा नसलेला आजार किंवा कायमची बेशुद्धी असल्यास’. मग एकेक उपचार नावाने: हृदय थांबल्यास छाती दाबणं, व्हेंटिलेटर, ट्रकीऑस्टॉमी, डायलिसिस, नळीने अन्न, रक्तदाब टिकवणारी औषधं, अँटिबायोटिक. काय नको ते लिहा, काही दिवस करून बघायला चालेल तेही लिहा. आणि काय हवं हेही: वेदना आणि धाप कमी करणारी औषधं, तोंडाची स्वच्छता, शेवट घरी की रुग्णालयात. उपचार थांबवले तरी ही काळजी थांबत नाही. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हाच आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. कायद्याला लागत नाही असं एक वाक्य मी आवर्जून घालायला सांगते: ‘या कागदाप्रमाणे सही करणाऱ्याने माझी इच्छा पाळली आहे, त्याला कुणी बोल लावू नये.’

एकेक प्रत नाव दिलेल्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपरिषद किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर आपल्या राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात तर २०२४मध्ये उच्च न्यायालयाच्या एका कार्यरत न्यायमूर्तींनीच स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. कपाटात कुलपात ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कुणाच्याच उपयोगी नसतो. मत बदललं तर लेखी रद्द करून नवा करता येतो.

कागद चोख असला तरी मुलं वाटेल तेव्हा उपचार बंद करू शकत नाहीत. रुग्णालयाचं पहिलं मंडळ असतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात वेगळे दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. हा पहारा मला योग्यच वाटतो. अडतं ते त्या नेमलेल्या डॉक्टरपाशी. प्रत्येक रुग्णासाठी नव्याने पत्र पाठवायचं म्हटलं तर ४८ तास पत्र पोचण्यातच जातात, मध्ये शनिवार-रविवार आला की संपलंच. दोन नावं कायमची नेमून ठेवा, एवढंच मागणं आम्ही लेखी केलं आहे. आमच्या बाजूच्या तज्ज्ञांची यादी तयार आहे, ट्रकीऑस्टॉमीच्या संमतीपत्राआधी घरच्यांची बैठक सक्तीची केली आहे. आमच्या मागणीच्या पत्राचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.