प्लांटला आग, गेटवर चॅनलवाले आणि चार ओळींचं निवेदन : लीगलमधला माझा अनुभव

कंपनीतल्या वकिलाचं काम म्हणजे अ‍ॅग्रीमेंट वाचणं आणि कोर्टाच्या तारखा सांभाळणं असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये सॉल्व्हंटने पेट घेतला तेव्हा मी शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या त्या कंपनीत लीगल हेड होते, आणि त्या रात्री माझं सगळ्यात जास्त डोकं गेलं ते चार ओळींच्या निवेदनात.

फायर ब्रिगेडच्या गाड्या आत होत्या तोवरच गेटवर कॅमेरे आले, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागला. मी आधी सिक्युरिटीपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांना सांगितलं की बोलणार एकच माणूस, बाकीच्यांनी रिपोर्टरचं नाव, नंबर, प्रश्न आणि त्याला उत्तर कधीपर्यंत हवंय एवढं लिहून घ्यायचं, आणि तेही नीट बोलून, तो त्याचं कामच करतोय. "नो कॉमेंट" अजिबात नाही. आपण गप्प बसलो की शेजारचे, ठेकेदार, युनियनवाले बोलतात आणि मग तीच बातमी होते.

मग निवेदनाची ओढाताण. पीआर एजन्सीच्या ड्राफ्टमध्ये पहिलंच वाक्य, "आमची कंपनी सुरक्षेचे सर्व नियम काटेकोरपणे पाळते". ते मी काढलं, कारण उद्या डिशच्या (कारखान्यांची सुरक्षा तपासणारं सरकारी खातं) इन्स्पेक्टरला एक जरी परमिट चुकीचं सापडलं की हेच वाक्य आपल्यासमोर ठेवणार. प्लांटवरून "शॉर्ट सर्किट" आलं, तेही काढलं, आत जाऊन कुणी बघितलेलंच नव्हतं. आणि एका वरिष्ठांना घालायचं होतं की आगीत गेलेला माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. इथे मी अडूनच बसले. म्हटलं, साहेब, फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ (तेव्हा तोच लागू होता) ठेकेदारामार्फत आलेल्यालाही कामगारच धरतो, आणि कायदा सोडा, त्याच्या घरच्यांनी हे टीव्हीवर ऐकायचं का? शेवटी राहिलं एवढंच : आग कधी लागली, एकाचा मृत्यू झाला, जखमींवर उपचार चालू आहेत, यंत्रणांना सहकार्य करतोय, पुढची माहिती कधी देऊ.

पण हे सुद्धा लगेच मीडियाला द्यायचं नसतं. आधी घरचे, तेही आपला माणूस प्रत्यक्ष जाऊन, नाव तोवर कुठेच नाही. मग पोलीस आणि डिशला अपघाताची नोटीस. मग स्टॉक एक्स्चेंज. सेबीच्या एलओडीआरच्या (लिस्टेड कंपन्यांनी काय कधी जाहीर करायचं याचे नियम) रेग्युलेशन ३० मध्ये कंपनीच्या आतून घडलेल्या महत्त्वाच्या घटनेला १२ तास आणि बाहेरून आलेल्याला २४ तास मिळतात, आग नेमकी कशात मोडते यावर रात्री वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही १२ धरून चाललो. प्लांट किती दिवस बंद, नुकसान किती, विमा किती, हे शेअरच्या भावावर परिणाम करणारं असतं, एक्स्चेंजला सांगण्याआधी एका ओळखीच्या पत्रकाराला जरी बोललात तरी इन्सायडर ट्रेडिंगच्या (आतली माहिती बाहेर देणं, वापरणं) नियमात अडकाल. म्हणून बिझनेस पेपरची प्रश्नावली आली तिला पण एक्स्चेंजला दिलेल्या फायलिंगचीच भाषा, एक शब्द इकडेतिकडे नाही.

आमच्यासारख्या नोकरीतल्या वकिलांनी अजून एक लक्षात ठेवा. मी पहिल्याच रात्री बाहेरचे अ‍ॅडव्होकेट घेतले आणि कारण शोधायची चौकशी त्यांच्यामार्फत सुरू केली, ईमेलवर "मला वाटतं व्हॉल्व्ह लीक होता" असले अंदाज लिहू नका म्हणून सगळ्यांना सांगितलं. तेव्हा काहींना ते फार वाटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच केलंय की पगारी इनहाउस वकिलाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे अशिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहण्याचं अ‍ॅडव्होकेटला असतं ते संरक्षण नाही. म्हणजे तुमचं अंतर्गत ईमेल उद्या कोर्टात वाचलं जाऊ शकतं असंच धरून लिहा. आणि लिहिलेलं डिलीट मात्र कुणालाही करू देऊ नका, पोलिसांची चौकशी चालू असताना ते पुरावा नष्ट करणं ठरू शकतं, त्यासाठी आम्ही आयटीला त्याच रात्री बॅकअप घ्यायला लावला होता.