कळमन्याचं बिल आणि जावास्क्रिप्टची बेरीज

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत (दलाली) दुकानाचं बिलिंगचं वेब अ‍ॅप आमच्याकडे दुरुस्तीला आलं. मालकांची तक्रार होती, "भाऊ, शेतकऱ्याची पट्टी बरोबर निघते, खरेदीदाराचं बिल मात्र कोटीत जाते."

फॉर्मच्या रकान्यातून वाचलेली किंमत स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे आकडा नव्हे तर नुसता मजकूर म्हणून, हाती येते. पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या रकमेच्या हिशेबात, हमाली वजा होते, आणि वजाबाकी करताना जावास्क्रिप्ट (अ‍ॅप ज्या भाषेत लिहिलंय ती) स्ट्रिंगचा आकडा गुपचूप करून घेते. ४२००० वजा "३००", उत्तर ४१७००. बिलात अडत मिळवायची असते. तिथे मात्र अधिकचं चिन्ह बेरीज न करता स्ट्रिंग एकापुढे एक जोडतं: ४२००० अधिक "१५००" म्हणजे "४२०००१५००". बेचाळीस कोटी!

ही चूक निदान डोळ्यांत भरते. मला जास्त भीती वाटली ती इतर चुकांची. कुणी १२,५०० असा स्वल्पविराम देऊन लिहिलं की पार्सइंट हे मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन फक्त १२ घेतं. रिकामा रकाना मजकुराचा आकडा करणाऱ्या नंबर फंक्शनला दिला की ० मिळतो. कुठेही एरर नाही, बिल छापून हातात. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब असा अंदाजाने चालणं मला मान्यच नाही.

टाइपस्क्रिप्टकडे वळायचं ठरलं; ही जावास्क्रिप्टच, पण कुठे आकडा आणि कुठे मजकूर हे प्रकार (टाइप) आधीच तपासणारी. सगळं एकदम नाही. जुन्या जावास्क्रिप्ट फाइल्सही सोबत चालू देणारी अलाऊजेएस ही सेटिंग चालू ठेवून एकेक फाइल बदलत गेलो, हिशेबाच्या फाइल्स सगळ्यात आधी. गंमत अशी की आकडा आणि स्ट्रिंग यांची बेरीज टाइपस्क्रिप्टलाही चालते. फंक्शनचा निकाल नंबरच असला पाहिजे असं लिहून दिलं तेव्हा कुठे चूक दाखवणारी लाल रेघ उमटली. जिथे "एनी" (कुठलाही टाइप चालेल) लिहिलेलं, तिथे तपासणीच बंद. ते एकेक काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

शिवाय हे टाइप ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत, कंपाइल होताना, म्हणजे कोडचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना, पुसले जातात. म्हणून प्रत्येक रकाना वाचायला एकच फंक्शन लिहिलं. ते स्वल्पविराम काढतं, ४२०० असे देवनागरी अंक आले तर आधी बदलून घेतं, कारण नंबर फंक्शन त्यांना एनएएन (आकडा नाही) म्हणतं. रकाना रिकामा असेल किंवा त्यात अक्षर असेल तर बिल निघत नाही. दिवाणजींनी सुरुवातीला कुरकुर केली, पण यात आम्ही सूट दिली नाही.

अहवालांच्या फाइल्स अजून जुन्याच आहेत. संत्र्याची आवक ओसरली की त्यांना हात लावू. भर हंगामात चालू दुकानाचा कोड मी बदलत नाही.