शेतकऱ्यांची यादी सापडेना, म्हणून ॲड-ऑन लिहिलं

आमच्या सॉफ्टवेअरची एक टेस्ट नापास झाली होती आणि पडद्यावर दोन ओळी होत्या. एक्स्पेक्टेड: "शेतकऱ्यांची यादी". रिसीव्ह्ड: "शेतकर्‍यांची यादी". शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची सरकवत आला, दोन्ही ओळींवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "दोनूय सारकेंच मगो!" मग मी दोन्हींतल्या पहिल्या शब्दाची लांबी छापून पाहिली. एक अकरा, दुसरी बारा.

आमचं पणजीतलं ऑफिस लहान आहे. सहकारी सोसायट्यांना लागणारं हिशेबाचं आणि नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. गोव्यात ते एका भाषेत चालत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली, त्यामुळे गिऱ्हाईक इंग्रजी, मराठी आणि कोकणी असे तिन्ही पर्याय मागतं. प्रत्येक भाषेची एक जेसन फाइल, म्हणजे पडद्यावर दिसणारे शब्द साठवलेली मजकुराची फाइल. मराठीची फाइल फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका तपासतात, कोकणीची दुसरं कुणी. कुणी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतं, कुणी मोबाइलवर, कुणी जुन्या वर्ड फाइलमधून उचलून चिकटवतं. सगळं पडद्यावर येतं तेव्हा एकसारखं दिसतं, आणि मेनूतल्या शोधाच्या चौकटीत "शेतकऱ्यां" टाकलं की यादी रिकामी.

ऱ्य मधला तो आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हाच ऱ येतो. ही पद्धत भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की मानकाशी जुळणारी. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर, यू+२००डी, जो दिसत नाही आणि जागाही घेत नाही. युनिकोडने ही दुसरी रीत आपल्या जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून ठेवली आहे. "मग नॉर्मलाइझ कर की," असं मला एकाने लगेच सांगितलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आण. एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन साध्या र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ करून देतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

तीच गत ॲप या शब्दाची. ॲ हे अक्षर, यू+०९७२, २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीची सगळी मंडळी अ वर चंद्र देऊन काम भागवत होती आणि कित्येक अजूनही देतात. नॉर्मलायझेशन इथेही गप्प बसतं. आमच्या एका फाइलमध्ये वरच्या ओळीत एक ॲप आणि खालच्या ओळीत दुसरं होतं.

आधी तयार काही मिळतंय का ते पाहिलं. आम्ही कोड लिहायला वापरतो त्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये अदृश्य अक्षरांभोवती चौकट दाखवायची सोय आहेच. २०२१ साली ट्रोजन सोर्स नावाचा हल्ल्याचा प्रकार उजेडात आला, न दिसणाऱ्या चिन्हांच्या आड कोडचा अर्थ लपवण्याचा, त्यानंतर ती आली. इंग्रजी कोडसाठी ती सोय उत्तम. मराठी मजकुरात मात्र प्रत्येक जॉइनर संशयित नसतो. क आणि ष वेगळे दाखवायचे असतील तर जॉइनर लागतो, वाङ्‌मय लिहिताना पुष्कळ जण नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) घालतात, आणि ते बरोबरच आहे. शिवाय अ वर चंद्र असलेलं रूप अदृश्य नाहीच, त्यामुळे ते तिथे सापडणार नाही. स्पेलचेकरचंही तसंच, त्याला शब्द चुकला का एवढंच कळतं. मला हवं होतं ते एवढंसं: ही ठराविक रूपं दिसली की टाइप करतानाच खाली नागमोडी रेघ, आणि दिव्यावर क्लिक केलं की दुरुस्ती.

एडिटरला अशी सोय जोडणारं ॲड-ऑन लिहिणं त्या मानाने सरळ निघालं. योमन या साधनाचा जनरेटर सांगाडा तयार करून देतो, एफ५ दाबलं की एडिटरची दुसरी खिडकी उघडते आणि त्यात आपलं ॲड-ऑन चालू असतं. डायग्नोस्टिक कलेक्शन, म्हणजे तक्रारींची यादी, बनवायचं, मजकूर बदलला की थोडं थांबून तपासायचं, दुरुस्तीसाठी कोड ॲक्शन जोडायची. लँग्वेज सर्व्हर वगैरेच्या भानगडीत पडले नाही. मजकुरात नमुने शोधणाऱ्या चार रेग्युलर एक्स्प्रेशन्ससाठी वेगळी प्रोसेस चालवायची गरज नव्हती.

अडकले ते रेघेपाशी. तपासणी बरोबर होत होती, प्रॉब्लेम्सच्या पॅनलमध्ये तक्रार येत होती, पण मजकुराखाली रेघ म्हणून दिसेना. रेंज, म्हणजे रेघ कुठून कुठपर्यंत मारायची ते, मी नेमकी जॉइनरपुरती दिली होती, आणि ज्याला रुंदीच नाही त्याच्याखाली रेघ कुठे मारणार? रेंज मागच्या र पासून पुढच्या अक्षरापर्यंत वाढवली तेव्हा ती उमटली. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात आली. काही फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममधून निघालेल्या असतात आणि त्यांत जॉइनर हा जॉइनर म्हणून नसतोच, उलट्या तिरक्या रेघेपुढे यू आणि चार आकडे असा लिहिलेला असतो. कच्च्या मजकुरात शोधलं तर सापडत नाही. ते रूपही नियमात घातलं.

फोंड्याच्या बाईंना फाइल कशी दिसते ते पाहायला त्यांच्या घरी गेले होते. त्यांना मी एडिटर बसवून दिला आहे, त्या तो वर्डसारखाच वापरतात आणि त्यांची काही तक्रार नाही. रेघ पाहून म्हणाल्या, "अगो, शब्द बरोबर आहे ना हा? मग लाल कशाला करतेस?" त्यांचा मुद्दा रास्त होता. शुद्धलेखन चुकलं की लाल, अशी सवय असलेल्या माणसाला त्या रेघेचा अर्थ 'तुम्ही चुकलात' असाच लागणार. म्हणून गांभीर्य एररवरून माहितीच्या पातळीवर आणलं, रेघ निळी झाली, आणि संदेश लिहिला: "शब्द बरोबर आहे. र वेगळ्या पद्धतीने साठवला आहे, शोधात सापडणार नाही." मराठीत संदेश असलेलं ॲड-ऑन मी तरी आधी वापरलं नव्हतं. आपण तीन भाषांची सॉफ्टवेअरं विकतो आणि आपली हत्यारं मात्र इंग्रजीतच बोलतात, हे जरा गमतीचंच.

त्याच सुमारास एक निर्णय घेतला आणि पुढचं सगळं काम त्याने सोपं झालं. नियमांची फाइल वेगळी काढली. तिच्यात एडिटरचं नावही नाही, मजकूर द्यायचा आणि सापडलेल्या जागा परत घ्यायच्या, बस्स. याचं कारण आमच्यातला एक जण व्हिम या दुसऱ्या एडिटरमधून हलत नाही आणि हलणारही नाही. त्याच्यासाठी तीच नियमांची फाइल कमांड लाइनवरून चालते, आणि कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवण्याच्या, आधी आपोआप चालणाऱ्या हुकमध्येही तीच बसवली. टेस्ट लिहायला एडिटर उघडावा लागत नाही, हा वरचा फायदा.

हुकचा आग्रह मी धरला तो रिव्ह्यूमुळे, म्हणजे बदल दुसऱ्याकडून तपासून घेण्यामुळे. असा र दुरुस्त केला की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुराच्या तुलनेत, एक लाल ओळ आणि एक हिरवी ओळ येते, आणि दोन्ही तंतोतंत सारख्या दिसतात. तपासणारा विचारतो, काय बदललंस? त्याला प्रत्येक वेळी समजावत बसण्यापेक्षा चुकीचं रूप रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, शिरूच न देणं बरं.

मग ते बाजारात टाकायचं ठरलं, आणि खरा वेळ तिथे गेला.

व्हीएस कोडची ॲड-ऑनं मिळतात त्या मार्केटप्लेसवर आधी पब्लिशर, म्हणजे प्रकाशकाचं खातं, बनवावा लागतो. त्याचा आयडी नीट विचार करून ठेवा, तो नंतर बदलता येत नाही आणि ॲड-ऑनच्या ओळखीचा पहिला भाग तोच असतो. ऑफिसच्या नावाने करायचा की स्वतःच्या, यावर आमच्याकडे चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी माझ्या नावाने केला, कारण उद्या प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरं मीच देणार होते. कमांड लाइनवरून पाठवायचं तर मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर डेव्हऑप्समध्ये पर्सनल ॲक्सेस टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, काढावं लागतं. मी केलं तेव्हा त्यात दोन जागी लक्ष द्यायचं होतं: ऑर्गनायझेशनच्या खान्यात एकच न निवडता सगळ्या निवडायच्या, आणि स्कोप्सच्या लांबलचक यादीत मार्केटप्लेस शोधून तिथे मॅनेज द्यायचं. मार्केटप्लेस हे नाव सुरुवातीला दिसतच नाही, 'सगळे स्कोप दाखवा' म्हटल्यावर खाली येतं. टोकन एकदाच दाखवतात, तेव्हाच उतरवून घ्यायचं. टोकनचा खटाटोप नको असेल तर तयार पॅकेज ब्राउझरमधून पब्लिशरच्या पानावर चढवता येतं. एखाद-दुसऱ्या आवृत्तीसाठी मी तेच सुचवेन.

पॅकेज बांधायचं काम व्हीएससीई नावाचं साधन करतं आणि ते शिस्तीचं आहे. जनरेटरने दिलेलं रीडमी जसंच्या तसं ठेवलं तर आधी ते बदला म्हणून थांबवतं. आयकॉन एसव्हीजी चालत नाही, पीएनजी द्या, निदान १२८ बाय १२८ पिक्सेलचा. रीडमीतली चित्रं एचटीटीपीएस पत्त्यावरूनच. परवान्याची फाइल नसेल तर विचारणा. तयार होणारी व्हीएसआयएक्स फाइल म्हणजे साधी झिप असते, ती उघडून पाहिली तर माझ्या टेस्टच्या सगळ्या फाइली, मूळ टाइपस्क्रिप्ट आणि नोड मॉड्यूल्सचा डोंगर आत. काय वगळायचं ते डॉट व्हीएसकोडइग्नोर फाइलमध्ये लिहिलं, ईएसबिल्डने सगळा कोड एका फाइलमध्ये बांधला, आणि पॅकेज एकदम हलकं झालं. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण वगळू नका. ज्यांच्याकडे इंटरनेट पावसाच्या मर्जीवर चालतं त्यांना कळेल.

चालू केव्हा व्हायचं हेही ठरवावं लागतं. सरसकट चांदणी (*) दिली तर एडिटर उघडताच ते जागं होतं, मग तुम्ही जेसन उघडा वा न उघडा. मी जेसन आणि मार्कडाउन या दोनच भाषांवर ठेवलं. कमांड पॅलेटमध्ये 'डेव्हलपर: शो रनिंग एक्स्टेन्शन्स' नावाचं पान आहे, त्यात कोणतं ॲड-ऑन जागं व्हायला किती मिलिसेकंद घेतं ते दिसतं. आपलं तपासायला उघडलं आणि इतरांचे आकडे पाहून माझ्याच मशीनवरची बरीच मंडळी काढून टाकली. कधी कशासाठी बसवली होती तेही आठवेना.

प्रकाशनाची कमांड दिली ती संध्याकाळी डिचोलीहून, घरून. बाहेर पाऊस, आणि कमांड चालू असतानाच वीज गेली. राऊटर बंद. फाइल पोचली की नाही कळायला मार्ग नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून तीच कमांड पुन्हा दिली, तर उत्तर आलं की ही आवृत्ती आधीच अस्तित्वात आहे. म्हणजे पोचली होती! एकदा वापरलेला आवृत्तीचा आकडा पुन्हा वापरता येत नाही, हा नियम त्या दिवशी माझ्या उपयोगी पडला. वर गेल्यावर लगेच दिसत नाही, तिथे तपासणी होते, थोडी वाट पाहावी लागते.

हे एवढ्यावर संपलं असतं, पण एक जण व्हीएसकोडियम हा व्हीएस कोडच्याच मुक्त कोडपासून बनलेला एडिटर वापरतो. मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसच्या अटींनुसार तिथली ॲड-ऑनं त्यांच्याच उत्पादनांसाठी असतात, म्हणून व्हीएसकोडियमसारखे एडिटर एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवरून घेतात. तिथे वेगळं खातं, ते गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटशी जोडायचं, पब्लिशर करारावर ऑनलाइन सही करायची, नेमस्पेस तयार करायची, वेगळं टोकन. पॅकेज मात्र तेच चालतं, एका अक्षराचाही बदल नाही. आता दोन्हीकडे पाठवण्याचं काम गिटहब ॲक्शन्स करतं, नव्या आवृत्तीचा टॅग लावला की दोन्ही बाजारांत जातं.

लोक वापरायला लागल्यावर पहिली मागणी आली ती 'सेव्ह केलं की आपोआप दुरुस्त करा' ही. ती सोय दिली, पण मुद्दाम बंद ठेवली आहे, हवी त्याने सेटिंगमधून चालू करावी. न सांगता शेकडो ओळी बदलल्या की त्याच न दिसणाऱ्या डिफचा प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात. दुसरी मागणी ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याची. तिला नम्रपणे नाही म्हटलं. ते व्याकरणाचं काम आहे, त्याला शब्दकोश लागतो, आणि मी दिवसभर सोसायट्यांचे हिशेब जुळवते. तिसरी मागणी बाईंची: विसर्गाच्या जागी कोलन टाइप होतो, तोही पकडता येईल का? ही मात्र लगेच घेतली. दुःख आणि स्वतः हे शब्द असे कितीतरी फाइलींत कोलनने लिहिलेले सापडले. अट एवढीच ठेवली की कोलन दोन देवनागरी अक्षरांच्या मधोमध असेल तरच पकडायचा, म्हणजे 'स्वतः'सारखे शेवटी विसर्ग असलेले शब्द सुटतात, पण "नाव:" अशा लेबलांवर उगाच रेघ येत नाही. सुटलेल्या शब्दांची छोटी यादी बाई फोनवर सांगतात आणि मी नियमांत घालते.

टोकनला मुदत असते, जास्तीत जास्त वर्षाची. माझी नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात संपत होती, तेव्हा अर्धं ऑफिस गावाला असतं आणि मीही गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत असते. म्हणून यंदा आधीच नवं काढून ठेवलं.