गाडीच्या टायमावरचं गॅदरिंग

आमच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं, कापूस विकून घरोघरी चार पैसे आले की. पत्रिकेवर वेळ छापलेली असे, पण ती कोणी वाचत नसे. पाहुणे शकुंतला या आमच्या आगगाडीनं येणार, म्हणजे सुरुवातही तीच ठरवणार.

मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी लाईन. किलिक-निक्सन या इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायला ती टाकली. वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. 1994 मध्ये डिझेल येईस्तोवर त्यानंच गाडी ओढली. फाटक आलं की गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून ते लावी, गाडी पार झाली की उघडी आणि पुन्हा चढे. उशीर होणार नाही तर काय?

लेझीमवाली पोरं स्टेशनच्या मुरमावर ताटकळत. ‘आली का बे?’ ‘नाही बे, धूरबी दिसून नाही राह्यला.’ इकडे शाळेच्या पटांगणात बैलबंड्या जोडून केलेल्या मंचावर हेडमास्तर माइक ठोकत बसलेले.

एका वर्षी गाडगेबाबा झालेला पोरगाही स्टेशनवर आला. डोक्यावर खापर, हातात खराटा. गाडी काही येईना, तर त्यानं सगळं स्टेशनच झाडून काढलं! गाडी लागल्यावर उतारूंनी त्याच्या हातावर नाणी ठेवली. पाहुण्यांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि त्या पोरावरच बोलले. इतकं चांगलं भाषण शाळेत पुन्हा झालं नाही.

कार्यक्रम संपेस्तोवर रात्र होई. परतीची गाडी नाही, म्हणून पाहुणे मुक्कामी. भाकर, वांग्याची भाजी, मग ओसरीवर गप्पा. मंचावर दबून बसलेली पोरं तिथं मोकळेपणानं काहीही विचारत. माझ्या मते खरं संमेलन ते.

आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत माजलंय. माजी विद्यार्थ्यांचं मंडळ दरवर्षी मेळावा घेतं. ब्रॉडगेज होणार, असं कोणीतरी सांगतं, टाळ्या पडतात. होवो बापा. पण पाहुणे मोटारीनं येतात, भाषण उरकतात आणि चहा निवायच्या आत निघतात. यंदा मी सुचवलंय, आमंत्रण देतानाच मुक्कामाचं सांगा. सेक्रेटरी हसला, ‘भाऊ, आता कोन राह्यते मुक्कामी?’

विचारून तर पाहा, म्हटलं. गाद्या माझ्याकडं आहेत.